दोनशेच्या वरचा माणूस

३ मार्च, सोमवार
रिपोर्ट आला. १८७. डोकं फिरलं. अठरा वर्षं थाई सैन्यात काढली (भांडारात काढली, पण भांडाराशिवाय सैन्य चालतं का?) आणि माझ्याच रक्तात हजेरीला एकशे सत्त्याऐंशी.

ओरथाई नर्सने तक्ता दाखवला. एचआयव्ही म्हणजे शत्रू, सीडी-फोर पेशी म्हणजे आपले शिपाई. धडधाकट माणसाचे पाचशे ते हजार असतात. दोनशेच्या खाली गेले की वेशीवर पहारा उरत नाही, कुठलाही भुरटा रोग आत शिरतो. सार्जंटला शिपाई समजावते! वर म्हणाली, पुढच्या महिन्यात पुन्हा रक्त काढू. तेव्हाही दोनशेच्या आत आलात तर लुंग, तुमच्या गोळ्या सुरू करता येतील, सरकारी गोळ्यांच्या आपल्याकडच्या नऊ जागांपैकी एक शिल्लक आहे. लुंग! मी चव्वेचाळीस वर्षांचा आहे. काका कोणाला म्हणते?

तेरा कमी पडले. तेरा मिळवणार. गोळ्या घेणं म्हणजे शरणागती.

४ मार्च
बायको, बुआतोंग, जानेवारीपासून गोळ्या घेते. सकाळी आठ, संध्याकाळी आठ, गजर लावून. सुरुवातीला तिचा काउंट ४३ होता. आज मी सहज म्हटलं, एवढ्यांत तर कवायतीची एक धड रांग होत नाही. ती म्हणाली, रांग कोणामुळे तुटली ते पण सांगा की, पी. थोरल्याला मान म्हणून पी म्हणायचं, आणि वर हे बोलायची काही गरज होती? 

निश्चय: १. पाचला उठणे. २. तांदळाची दारू बंद. ३. कच्च्या मांसाचं लाप बंद.

५ मार्च
साडेआठला उठलो. सगळीकडे शेतं जाळल्याचा धूर. असल्या धुरात पाचला उठणं तब्येतीला वाईट. दारूचा निश्चय एप्रिलात सोंगक्रान झाल्यावर. नव्या वर्षाला दारू नाही घेतली तर लोकांना संशय येतो.

११ मार्च
हॉस्पिटलमागच्या शेडमध्ये आमच्या मित्रगटाची बैठक. नेहमीप्रमाणे हात चालू, चितेवर वाहायची लाकडाच्या सालीची फुलं करत सगळे बसलेले. ओरथाई सांगत होती की एकाच आकड्याला धरून बसू नका. सकाळी काउंट कमी येतो, दुपारनंतर जास्त. सर्दी-तापात घसरतो. रक्त देण्याआधी पळापळ केली तर थोडा वेळ चढतो. म्हणून आपण नेहमी सकाळी आठलाच, शांत बसवून रक्त काढतो.

बाकीचे फुलं वळत बसले. मी लिहून घेतलं: दुपार. पळापळ.

नूडल्सवाली केओ (१९४) माझ्या कानाशी म्हणाली, अगं बाई, मग मी त्या दिवशी पहाटे जरा कमीच गाडी ढकलायला हवी होती, आणखी खाली आला असता. हिला खाली यायचंय! अशा लोकांमुळे गट मागे राहतो.

२ एप्रिल
ओरथाईला सांगितलं की आठ तारखेला पेन्शनच्या कामाला शहरात जातोय, रक्त तिथल्या मोठ्या हॉस्पिटलात देईन. ती म्हणाली, चालेल, पण सकाळीच द्या हं, लुंग. हो म्हटलं. सैन्यात अर्धे हुकूम असेच हो म्हणून पाळतात.

८ एप्रिल
मोहीम फत्ते. मोठ्या हॉस्पिटलमागच्या टेकडीवर देऊळ आहे, तीनशे सहा पायऱ्या. दोन वाजता चढलो, उतरलो, पुन्हा चढलो. वर झाडणाऱ्या म्हातारीने विचारलं, एवढं कसलं पाप केलंयस रे बाबा? तिला म्हटलं, शिपाई जमवतोय. तिने झाडू ठेवून पाणी आणून दिलं. तीन वाजून दहा मिनिटांनी रक्त दिलं. तिथल्या नर्सने विचारलं, एवढा घाम का. एप्रिलमध्ये घाम येणार नाही तर काय बर्फ पडणार?

१७ एप्रिल
२३१.

पुन्हा लिहितो. २३१. गोळी नाही, औषध नाही, नुसत्या शिस्तीवर.

ओरथाईने रिपोर्ट दोनदा वाचला. रक्त कधी दिलं विचारलं. सकाळी, म्हणालो. वजन का उतरलं विचारलं. व्यायाम, म्हणालो. तोंडात काही पांढरं वगैरे? काही नाही, म्हणालो. (जिभेवर थोडं आहे, पण ते सोंगक्रानच्या मिरचीचं.) तिने फॉर्म बाजूला ठेवला आणि म्हणाली, नियमच आहे, लुंग, दोनशेच्या वर देता येत नाही. जसं काही मी मागत होतो.

शेवटची जागा केओला मिळाली, यावेळी १८९. ती ओरथाईच्या गळ्यात पडून रडली. नापास झाल्याचा आनंद होणारी बाई मी पहिल्यांदा पाहिली.

२० एप्रिल
गटाला जेवण दिलं, भाषण केलं. विषय: शिस्त. मध्येच केओ म्हणाली, पी, तुम्ही का जेवत नाही? घशाखाली उतरत नव्हतं. बुआतोंगने चिकट भात कडक केला होता. तिला सगळ्यांसमोर सुनावलं. तिने तो हाताने दाबून पाहिला आणि माझ्यासाठी पेज केली.

१२ मे
बुआतोंग २१२. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या २३१ ला कोणी वाजवल्या होत्या? तिच्या गोळ्यांचं काम आहे ते, तिचं काय त्यात? माझे खरे शिपाई, तिचे भाडोत्री. हे तिला बोलूनही दाखवलं. म्हणाली, असू देत, पहाऱ्याला उभे राहतात ना.

राग येतो. कशाचा ते नीट सांगता येत नाही, पण दिवसभर येतो.

२ जून
पाठीवर फोडांचा पट्टा, आग आग होते. सुरवंट चढला असणार. वजन ५१. मार्चमध्ये ५८ होतं. हॉस्पिटलचा काटा बिघडलाय, मी तक्रार केली. बुआतोंग त्याच काट्यावर उभी राहिली, तिचं बरोबर आलं. म्हणजे काटा काही माणसांपुरता बिघडलाय.

२० जून
बुआतोंगने सकाळी बॅटरी घेऊन माझा जबडा धरला, म्हशीचा धरतात तसा, आणि जीभ पाहिली. मग विचारलं, एप्रिलमध्ये रक्त किती वाजता दिलंत? तिच्या हातात जबडा असताना खोटं बोलता येईना. तीन वाजून दहा मिनिटं. आणि त्याआधी? पायऱ्या. किती? सहाशे बारा.

ती चिडली असती तर मी उलट चिडलो असतो, सवयीचं झालं असतं. ती चिडली नाही. चपला घातल्या आणि एकटीच हॉस्पिटलात गेली. दुपारी ओरथाईला घेऊन आली. ओरथाई तोंडात बघून म्हणाली, लुंग, तोंडात अशी बुरशी असली की दोनशेचा नियम लागत नाही, तेव्हाच दाखवली असती तर आकडा कितीही असता तरी मी गोळ्या दिल्या असत्या. तिचे डोळे लाल होते. नर्सने असं रडू नये, पेशंट घाबरतो.

उद्या सकाळी आठला रक्त. शांत बसून.

८ जुलै
६४.

आता प्रतीक्षा यादी लावली आहे, सगळ्यात कमी काउंटवाला सगळ्यात वर. मी पहिला. सतरा जणांत पहिला. क्षणभर, खरं सांगतो, बरं वाटलं.

मग विचारलं, जागा कधी? ओरथाई म्हणाली, ऑक्टोबरात नवा कोटा येईल. घशासाठी आणि फुप्फुसासाठी आत्ता औषध देते, तेवढ्यावर काढू. मी म्हटलं, त्याआधी नाही का मिळत? ती फाईल उघडून उगाच पानं चाळत बसली. बुआतोंगनेच सांगितलं, गोळ्या घेणारं कोणी गेलं तर मिळते, पी. आणि म्हणाली, माझी जागा तुम्हाला देता येईल का, असं मी जूनच्या वीस तारखेलाच विचारलं होतं. देता येत नाही म्हणाल्या. औषध सोडलं की ज्याचं त्याचं बिघडतं.

मला न विचारता ही बाई स्वतःचं जगणं द्यायला गेली होती. रस्त्यात तिच्यावर ओरडलो. लोक बघत होते. तिने ओरडू दिलं. घरी येईपर्यंत माझा दम संपला आणि मला भीती वाटायला लागली, ती भीती अजून आहे.

दुपारी कागद घेऊन त्या नऊ जणांची नावं लिहिली. का लिहिली ते मला माहीत आहे. केओ, म्हातारा चांता, सुतार, दोघी बहिणी. कोणाला जास्त खोकला आहे, कोण गोळ्या चुकवतो, असं बघत खाली येत होतो. सहावं नाव बुआतोंगचं आलं.

कागद चुलीत घातला. आठ वाजायला पाच मिनिटं आहेत. ती अंगणात दोरीवरचे कपडे काढते आहे, गजर तिला तिथे ऐकू येत नाही. तिची गोळी आणि पाणी घेऊन जातो.