बेड चौदा

हितू,

बाबा गेले. मी तुला उठवायला आले होते, जमलं नाही. मी वॉर्डवर जातेय. आईला आधी नाश्ता आणि शुगरची गोळी दे, मगच सांग. बोंबील साफ करून ठेवलेत, ते शेजारी मालनकाकूंना देऊन टाक. येताना बाबांचं आधार कार्ड आण.

मला फोन आलाच नाही. ते माझे वडील, हे नवीन सिस्टरला ठाऊक नव्हतं. तिने आमच्या ड्युटीच्या ग्रुपवर टाकलं, ‘बेड चौदा रिकामा, पुढचा पेशंट पाठवा.’ असे मेसेज रोज येतात, आला की अंगठा द्यायचा. मी ओल्या हातानेच दिला. मग चौदा वाचलं.

आता ग्रुपवर सगळ्यांचे जोडलेले हात येतायत. वर माझा अंगठा तसाच आहे.

ताई