सासूचा फॉर्म

नाशिक
१२ नोव्हेंबर १९९८

तीर्थरूप आईस,

मनीषाचा नमस्कार. आबांनाही सांग. इकडे सगळे बरे आहेत. समर्थ आता घरभर धावतो आणि देव्हाऱ्यातली घंटा पळवून पलंगाखाली लपतो.

पाकीट बघून दचकली असशील. दीड वर्षात एक ओळ नाही आणि आज एकदम चार पानं! राग गेला म्हणून लिहितेय असं समजू नकोस हं. राग आहे तिथेच आहे. पण मला नोकरी लागलीय, आणि तुला सांगितल्याशिवाय ते पोटात राहीना. काय करणार, सवय.

गंगापूर रोडला एका संस्थेचं ऑफिस आहे. त्यांचा बायकांच्या तब्येतीचा तीन वर्षांचा प्रकल्प सुरू होणार आहे. पाळी, दिवस जाणं, बाळंतपण, पोट पडणं, नंतरची दुखणी, सगळं त्यात आलं. पण काम सुरू करण्याआधी आज बायकांची तब्येत कशी आहे, हे घरोघरी जाऊन विचारून लिहून ठेवायचं. म्हणजे तीन वर्षांनी परत विचारलं की फरक पडला की नाही ते कळतं. याला बेसलाइन म्हणतात. आणि हे लिहून घेणाऱ्या दहा जणींमध्ये तुझी लेक आहे! खांद्याला झोळी, हातात पॅड, गळ्यात फोटोचं ओळखपत्र. फोटोत मी अगदी चोरटी दिसते, पण असू दे.

माझी जोडीदारीण जहिदा. इथल्या द्वारका चौकाजवळ राहते. वयानं माझ्यापेक्षा लहान, पण तोंडानं माझी आजी शोभेल. आम्हाला मखमलाबादच्या पुढच्या मळ्यांच्या वस्त्या दिल्यात. सगळीकडे झेंडू, कोबी, टोमॅटो. परत येताना कुणी ना कुणी झोळीत काहीतरी कोंबतंच. सासूबाई म्हणाल्या, नोकरीवर जातेस की बाजाराला?

पण अगं, पहिल्या आठवड्यात आमचा असा काही पोपट झाला! आमचा फॉर्म आहे पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या, लग्न झालेल्या बायकांचा. नियम असा, की बाईला एकटीला विचारायचं, शेजारी कुणी नको. आता तूच सांग, मळ्यातल्या घरात सून एकटी सापडते कधी? आम्ही ओसरीवर टेकलो की सासू येऊन मध्ये बसणार. "तिला काय विचारता? मला विचारा. मला सगळं ठावं हाय." एका घरात मी सुनेला विचारलं, शेवटची पाळी कधी आली होती? तर सासू म्हणते, "दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी." सून खाली मान घालून नखं बघतेय आणि मी लिहितेय. त्रास काही? "नाय." अंगावरून जातं? "नाय." कंबर दुखते? सुनेनं सासूकडे बघितलं. "नाय."

बेचाळीस फॉर्म भरले आणि बेचाळीस बायका ठणठणीत. गायधनी मॅडम आमच्या प्रमुख आहेत. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाल्या, "मुलींनो, एवढी निरोगी गावं असतील तर आपण ऑफिसला कुलूप लावून घरी जाऊ या."

मला रात्रभर चैन नाही. सकाळी पोळ्या लाटताना एकदम सुचलं. सासूला उठवता येत नाही ना, मग तिलाच कामाला लावायचं! मी एक सासूचा फॉर्म तयार केला. पिवळ्या कागदावर. लग्न कुठं झालं, सुईण कोण होती, डोहाळे कसले लागले, बाळंतपणात काय खाल्लं, असलं सगळं. मी ओसरीवर सासूला घेऊन बसायचं आणि जहिदानं खरा फॉर्म घेऊन सुनेबरोबर झेंडू तोडायला जायचं.

आई, काय सांगू तुला! पहिल्याच दिवशी जहिदा मळ्यातून आली ती डोळे पुसत. तिच्या फॉर्मात जागा पुरेना, मागच्या बाजूनं लिहून आणलेलं. एक पोरगी तिला म्हणाली, "आठ वरसं झाली, मला कुनी इचारलंच नाय." आता दहाच्या दहा जणी माझा पिवळा फॉर्म वापरतात. मॅडमनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. मी तर बाई हवेत आहे.

एक प्रश्न मात्र मला आवडत नाही. पहिलं बाळंतपण कुठं झालं, माहेरी, सासरी की दवाखान्यात? बहुतेक जणी माहेरी म्हणतात. तिथं माझं पेन उगाच जोरात दाबलं जातं. असो.

उत्तर पाठवावंसं वाटलं तर पाठव, नाहीतर राहू दे.

तुझीच म्हणायची, दुसरं काय,
मनीषा

नाशिक
२२ नोव्हेंबर १९९८

आई,

तुझं उत्तर आलेलं नाही. मी त्यासाठी थांबणारही नाही, कारण परवापासून मला तुझ्याशीच बोलायचंय आणि कामात लक्ष लागत नाहीये.

परवा एका वस्तीवर गेलो. कुणाचं खरं नाव बाहेर सांगायचं नाही असा आमचा नियम आहे, म्हणून त्या आजीला आपण ठमाबाई म्हणू. साठीच्या पुढची. बाजेच्या कडेला एका अंगावर बसून झेंडूच्या माळा ओवत होती. जहिदा सुनेला घेऊन गेली आणि मी पिवळा फॉर्म काढला. आता खरं सांगते, हे मागच्या पत्रात लिहायचं मी मुद्दाम टाळलं होतं. सासूच्या फॉर्मात मी काही लिहीतच नव्हते. तो गुंतवून ठेवण्यापुरता होता. त्या बोलायच्या, मी हं हं करत कागदाच्या कडेला वेलबुट्टी काढायची आणि ऑफिसात येऊन ते कागद टोपलीत टाकायचे. त्यांचं वय फॉर्मात बसत नव्हतं, मग लिहून करायचं काय?

ठमाबाई बराच वेळ बोलल्या. मग थांबल्या आणि म्हणाल्या, "माझं लिवलंस ना?"

"हो आजी."

"दाव."

मी कागद पुढे केला. म्हटलं, यांना कुठं वाचता येतंय! त्यांनी तो उन्हात धरला आणि परत दिला. "मला लिवता-वाचता येत नाय, बाई. पर कोरं कोन्चं आन् लिवलेलं कोन्चं, येवढं कळतंय. सुनंचं लिवून घ्येता, आन् माझ्या टायमाला तुमची शाई सरली व्हय?"

आई, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी पाया पडले. नवा कागद घेतला आणि म्हटलं, सांगा, आता अक्षर न् अक्षर लिहिते.

मग त्यांनी आवाज बारीक केला. चौथ्या बाळंतपणानंतर अकराव्या दिवशी त्या कोबीची पोती उचलायला लागल्या होत्या. तेव्हापासून त्यांचं अंग बाहेर येतं, गर्भाची पिशवीच खाली उतरते. हंडा उचलला की येतं, शिंकलं तरी येतं. आता तर नुसतं उभं राहिलं तरी येतं. तीस वर्षं झाली. कापडाची घडी करून आवळून बांधतात. उकिडवं बसता येत नाही. एसटीत बसल्यावर धक्के लागतात, म्हणून नातलगांची लग्नं सोडली. लोक म्हणाले, म्हातारीला गर्व झालाय. नवऱ्याशिवाय कुणाला माहीत नाही. मी म्हटलं, सुनेलाही नाही? तर म्हणाल्या, "सुनंपुढं मान कशी वर करू गं?"

मी लिहीत होते. "एका अंगावर बसते" असं लिहिलं आणि माझा हात थांबला.

आई, तू पण एका अंगावर बसतेस.

घोटीला माझं डोहाळजेवण केलंस तेव्हा तू सगळ्या बायकांमध्ये तशीच बसली होतीस. मी मनात म्हटलं होतं, लेकीच्या कौतुकात हिचं लक्षच नाही. तुझ्या साडीखाली वाळत घातलेल्या त्या कापडाच्या घड्या. मी एकदा विचारलं तर म्हणालीस, पोतेरी आहेत. पोतेरी कुणी साडीखाली लपवून वाळवतं का गं? आणि आबा! आख्खी आळी आबांना बायकोचा पाणक्या म्हणून हसायची. मीसुद्धा हसायचे. सगळ्या आळीत नळावर जाणारा पुरुष एकच, तो माझा बाप, आणि त्यानं कधी कुणाला उलटून उत्तर दिलं नाही.

आणि मग ते. मला सातवा लागला तेव्हा तू म्हणालीस, "यंदा घोटीला नको येऊस, सासरीच कर." पहिलं बाळंतपण, आणि आई म्हणते येऊ नकोस! सासूबाईंनी सव्वा महिना तळहातावर झेलून केलं सगळं, पण एक दिवस असा गेला नाही की त्या म्हणाल्या नाहीत, "तुझ्या आईला जड झाली असशील." बारशाला आबा एकटेच आले. त्यांच्यादेखत मी तुला फोन लावून जे बोलले ते मला पाठ आहे. "तुला लेकीपेक्षा स्वतःचा जीव प्यारा." तू फक्त "बरं" म्हणालीस आणि फोन ठेवलास.

बाळंतिणीला आणि बाळाला न्हाऊ घालायला दिवसाला किती हंडे गरम पाणी उचलावं लागतं, ते मी आता फॉर्म भरून भरून शिकलेय.

मी त्या दिवशी वस्तीवरून तडक ऑफिसात गेले आणि मॅडमना सगळं सांगितलं, वेलबुट्टीसकट. वाटलं, आता नोकरी जाणार. त्यांनी ठमाबाईंचा कागद दोनदा वाचला. मग म्हणाल्या, "वयाची अट घालताना माझ्या डोक्यात ही बाई आलीच नाही." आणि आई, काल वरच्या ऑफिसातून होकार आला! वयाची अट गेली. सासूचा फॉर्म आता खरा फॉर्म झाला, त्याला नंबर मिळाला, आणि त्यात माझा प्रश्न छापून येणार: "अंग बाहेर येतं का? किती वर्षांपासून?" मी आणि जहिदानं ऑफिसात फुगडी घातली. टोपलीत गेलेल्या तेवीस सासूंकडे आम्ही पुन्हा जाणार आहोत, कान धरून.

आता नीट ऐक. हे दुखणं बरं होतं. मी लेडी डॉक्टरांना स्वतः विचारलंय. आधी तपासणी. मग कुणाला आतून आधाराला रिंग बसवतात, कुणाचं ऑपरेशन करतात, थोडे दिवस दवाखान्यात राहावं लागतं. बाईच तपासते, पडदा असतो, आणि मी बाहेर नाही, आत तुझ्याजवळ उभी राहीन.

म्हणून हा प्रश्न मी सगळ्यांच्या आधी तुला विचारते. आई, तुझं अंग बाहेर येतं का? किती वर्षांपासून?

नाही असेल तर नाही लिही. मग माझ्या डोक्यात काहीबाही आलं असं समजेन. पण आता कोरा कागद पाठवू नकोस.

चुकलेली, आणि तुझी वाट बघणारी,
मनू

घोटी
३ डिसेंबर १९९८

चि. मनूस आईचा अनेक आशीर्वाद.

तुझी दोन्ही पत्रं पोचली. पहिलं आलं तेव्हा तुझे आबा मोठ्यानं वाचून दाखवत होते आणि हसत होते. दुसरं त्यांनी मधेच थांबवलं आणि माझ्या हातात दिलं. म्हणाले, हे तू वाच. मी चौथी शिकलेली. वाचायला दोन दिवस लागले. शेजारच्या भिकाकडून उत्तर लिहून घेणार होते, पण असलं पोराला कसं सांगू? म्हणून स्वतःच लिहितेय. वेलांट्या चुकल्या तर हसू नको.

व्हय गं माय. येतं.

तुझ्या पाठचा भाऊ गेला, तेव्हापासून. तुला चौथं लागलं होतं. बाळंतपणाच्या तिसऱ्या आठवड्यात मी भाताच्या आवणीला उभी राहिले, चिखलात वाकून. त्याच दिवशी झालं. आता एकवीस वर्षं होतील. तुझ्या आबांना ठाऊक आहे. दुसऱ्या दिवसापासून नळावर ते जायला लागले. आम्ही यावर कधी बोललो नाही.

तुला काय सांगणार होते? तू पोटुशी. तुला सांगितलं असतं तर भ्याली असतीस की आपलंही असंच होईल. म्हणून म्हटलं, रागावली तर रागावू दे, बाळंतपण तरी सुखाचं होऊ दे. तू फोनवर बोललीस त्याचं मनात ठेवू नको. तुझ्या जागी असते तर मी पण तेच बोलले असते.

पण एक ऐक. तू दवाखान्यात गेल्याचा निरोप आला, तसे मी डिंकाचे लाडू बांधले. डबा घेऊन तीन दिवस रोज सकाळी स्टँडवर गेले. गाडी यायची. मी पायरीवर पाय टाकायचे आणि काढून घ्यायचे. कंडक्टर म्हणाला, मावशी, येता का राहता? तिसऱ्या दिवशी डबा तुझ्या आबांकडं दिला. बारशाला त्यांनी तो आणला, पण तुला सांगितलं नाही की लाडू मी केलेत. मीच शपथ घातली होती.

आता तुझ्या कामाचं. तुझं पत्र वाचून मला राहवेना. भाताची झोडणी उरकली तशी मी नवसाबाईकडं गेले. तिच्या सुनेला कामाला लावलं आणि तिला विचारलं, तुझ्याच शब्दांत. ती आधी हसली, मग पदर तोंडाला लावून रडायलाच लागली. बारा वर्षं. मग झुंबरच्या सासूकडं गेले. मग गिरणीमागच्या दोघींकडं. नाही म्हणणाऱ्यापण निघाल्या, त्यांचं नाही लिहिलं. तुझा पिवळा कागद नव्हता माझ्याकडं, तुझ्या जुन्या वहीची पानं घेतली. एकाच आळीत राहून आम्ही एकमेकींना पोतेरीच सांगत होतो. मी पकडून पाच जणी आहोत. काल नवसाबाईच्या ओट्यावर बसलो होतो. इतकं हसलो गं, इतकं हसलो, की सगळ्यांचीच पंचाईत झाली.

येत्या बुधवारी पाचही जणी येतोय. पहिल्या गाडीनं निघून द्वारकेला उतरू. एकीनं हिंमत सोडली तर बाकीच्या चौघी तिला पायरीवर ढकलतील, असं ठरलंय. डॉक्टरीणबाईंना सांगून ठेव. तुझ्या सासूबाईंना खरं काय ते सांग, मला आता लाज नाही. त्यांनी तुझं केलं, मला त्यांच्या पाया पडायचंय.

आणि मनू, मी आल्या आल्या समर्थला पुढं ढकलू नको. उभ्यानं मला उचलून घेता येत नाही. आधी मला खाली बसू दे, मग त्याला माझ्या मांडीवर आणून दे.

तुझी आई