सावलीतल्या फरश्या

प्रिय बाबा,

तुमच्या तळावर फोन लागत नाही, म्हणून हे पत्र सामानाच्या गाडीबरोबर पाठवतेय. ड्रायव्हरकाकांना बजावलंय, तुमच्याच हातात द्या. आई म्हणतेय, लिहितेच आहेस तर गुडघ्याला मलम लावतात का तेही विचार. लावता का?

बाबा, शेवाळ हा भलताच नखरेल प्रकार आहे. हसू नका. तुमची टोळी आधीच हसते, मुकादमाची पोरगी एवढं शिकून ओढ्यातला बुळबुळीतपणा मोजते म्हणून. पण खालच्या ओढ्यात, जिथे तुम्ही पार पाण्यापर्यंत झाडं तोडलीत, तिथे शेवाळ मोजायला मी ठेवलेल्या फरशीच्या तुकड्यांवर हिरवीगार गोधडीच चढलीय. गोगलगायी खाऊन खाऊन आळसावल्यात. मला वाटलं, सोपं आहे. झाडं गेली, जमिनीतलं नायट्रेट शोषायला मुळं उरली नाहीत, ते पावसाबरोबर ओढ्यात आलं, शेवाळाला आयतं खत मिळालं. लिहून टाकायचं आणि मोकळं व्हायचं.

वरच्या ओढ्याने घोळ घातला. म्हणजे तुम्हीच घातलात. दोन्ही ओढे सारखेच उघडे करायचे ठरलं होतं, आणि तुम्ही वरच्या ओढ्याच्या काठावरची झाडांची रांग तशीच उभी ठेवलीत! मी कपाळाला हात लावला, तर तुम्ही करवतीची साखळी पुसत म्हणालात, अगं, तुझा ओढा ना, म्हटलं पोरीला बसायला सावली राहू दे. तुमची माणसं तोंड फिरवून हसत होती. मला धड रागावताही येईना. प्रयोग बोंबलला, आता सरांना काय सांगू, एवढंच डोक्यात.

काल पाण्याची तपासणी आली. नायट्रेट वरच्या ओढ्यातही जवळपास तेवढंच वाढलंय, रांगेमागची झाडं तर तुम्ही तोडलीच होती ना. आणि फरश्या? जवळजवळ कोऱ्या. बोट फिरवलं तर नुसता तपकिरी ओशटपणा. पान वाढलंय आणि जेवायला कुणी बसतच नाहीये! कारण ऊन नाही. खत आणि ऊन, दोघांतलं कोण काय करतं, हे तुमच्या त्या रांगेशिवाय मला वेगळं काढताच आलं नसतं. एका ओढ्यावरून छातीठोक बोलता येणार नाही, अजून एक पावसाळा बघावा लागेल. पण मग ते न खाल्लेलं नायट्रेट जातं कुठे? खाली, ऊन असेल तिथे, कुणीतरी वाट बघत बसलंय का? मला झोप येत नाहीये बाबा, इतकी मजा वाटतेय.

आता मुद्दा. माझा चेहरा बघून तुम्ही म्हणाला होतात, सोमवारी रांग काढून टाकतो, म्हणजे तुझं बरोबर होईल. मी मान डोलावली होती. बाबा, काढू नका. सरांशी बोललेय, ठेकेदारही हो म्हणालेत. पत्र वेळेत पोचलं तर उत्तमच. नाहीतर सोमवारी करवत सुरू करण्याआधी पहिल्या झाडामागे एकदा डोकावून बघा, मी तिथे उभी असेन.

तुमचीच,
भिंगरी