आरूचा बैल

मंगळवार, संध्याकाळ. उद्या बेंदूर.

नखांतली माती अजून निघालेली नाही. आज बालवाडीतल्या स्पर्धेत पोरांनी मातीचे बैल करायचे होते. बाईंनी बजावलं होतं, वाकडातिकडा होऊ दे, पण पोरांच्याच हातचा पाहिजे. आयांनी नुसतं शेजारी बसायचं.

पण पलीकडच्या बाईनं लेकाच्या हातातला गोळा काढून घेतला आणि झकास वशिंड काढलं. मग मलाही राहवलं नाही.

"आई, मला दे की," आरू म्हणत होती.

"थांब गं, शिंग मोडंल."

किती वेळा म्हणाले असेन हे? शिंगं सुरेख जमली खरी. पहिला नंबर आला, आरूच्या नावावर. मी फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवलासुद्धा. लाज कशी वाटली नाही?

घरी सासूबाईंनी कौतुकानं विचारलं, "कुणी केला गं बैल?"

"आईनं," आरू म्हणाली. "मला हात लावू दिला न्हाय."

मी माझी नखं पदराआड घेतली. जेवायच्या आधी सवयीनं तिला मोरीवर नेलं. तिनं दोन्ही पंजे पुढं केले.

धुवायला काही नव्हतंच.