आठवड्याला एक थेंब

१ जानेवारी
संकल्प: सहाला उठणे. चहातली साखर बंद. कोणावर न चिडणे. दादाचे डोळे वाचवणे. पहिले तीन अवघड आहेत, चौथा माझ्या हातातला.

दादाला काचबिंदू आहे. दिवसातून तीनदा थेंब, तेही झोंबणारे. वहिनी डोकं धरून घालतात आणि पन्नाशीचा माणूस लहान पोरासारखा तोंड फिरवतो. आमच्या लॅबमध्ये मी नेमकं यावरच काम करतोय. औषध अतिसूक्ष्म कणांत भरायचं. कण डोळ्यात राहून हळूहळू विरघळतील आणि आठवडाभर औषध सोडतील. आठवड्याला एक थेंब, काम तमाम.

उठलो साडेआठला. सुट्टी होती.

९ जानेवारी
कण एकमेकांना चिकटू नयेत म्हणून साबणासारखं काहीतरी घालावं लागतं. सगळे वापरतात ते डोळ्याला झोंबतं. मी सौम्य शोधून काढलं. म्हणजे कॅटलॉगमध्ये होतंच, पण पान मी उलटलं.

२२ जानेवारी
यश. कण पातळ पडद्याच्या पिशवीत भरले, दोन्ही तोंडं बांधून पिशवी कोमट खाऱ्या पाण्यात सोडली. बाहेरच्या पाण्यात किती औषध उतरतं ते मोजायचं. अगदी सावकाश उतरतंय. मध्ये रविवार आल्यामुळे दीड दिवसच मोजलं, पुढचा आठवडा पट्टीने ओढला. आलेख इतका देखणा की मोबाईलवर वॉलपेपर लावला. साखरेचा चहा घेतला. आनंदाचा अपवाद.

३० जानेवारी
डोळ्यांचे डॉक्टर दादाला म्हणाले, थेंबांनी डोळ्यातला दाब उतरत नाहीये, उजव्या डोळ्याचं ऑपरेशन लगेच करा, गेलेली नजर परत येत नसते. दादाने घाबरून मला फोन केला. मी म्हटलं, कशाला चाकू लावून घेतोस, जूनपर्यंत माझं औषध तयार. वहिनींनी फोन घेऊन विचारलं, आधी माणसांवर चाचण्या कराव्या लागतात ना? ती औपचारिकता, असं सांगितलं. वहिनी गप्प बसल्या. म्हणजे पटलं.

१४ फेब्रुवारी
आमच्या मॅडमनी आलेख पाहून एकच प्रश्न विचारला. नुसतं औषध, कणांशिवाय, तशाच पिशवीत घालून पाहिलं का? पिशवीच औषध अडवत असेल तर? मी हसलो. त्या हसल्या नाहीत. माणसाला दुसऱ्याचं यश बघवत नाही.

४ मार्च
नुसत्या औषधाची पिशवी आज लावणार होतो. पिशव्या संपल्या. कपाटात खाली एक खोका आहे, पण तो चांगल्या कामासाठी राखून ठेवलाय.

१९ मार्च
दादाच्या दुकानात गेलो. करंडकांवर नावं कोरतो तो. आज एका नावावर दुसरं नाव कोरून ठेवलं होतं आणि स्वतःच हसत होता. दिवा मिणमिणता आहे असं माझं निदान. नवा बल्ब आणून लावला. वहिनींनी ऑपरेशनचा विषय काढला. दादा म्हणाला, "थांब गं. आमचा धाकटा उगाच बोलायचा नाही." ऊर भरून आला.

११ एप्रिल
मॅडम शेजारी उभ्या राहिल्या, तेव्हा नुसत्या औषधाची पिशवी लावावीच लागली. आज दोन्ही आलेख एकावर एक ठेवले. खालचा दिसेना, इतके सारखे. लेबलं बदलली असतील म्हणून पुन्हा तपासलं. तेच.

म्हणजे माझे कण पिशवीत पडताच रिकामे होत होते. औषध आतल्या आत मोकळं होतं, बाहेर यायला वेळ लावत होती ती पिशवी. तीन महिने मी पिशवीची परीक्षा घेतली आणि ती उत्तम गुणांनी पास झाली. डोळ्यात पिशवी नसते.

दादाला उद्या सांगायचं.

१२ एप्रिल
रविवार. रविवारी कशाला.

१५ एप्रिल
फोन लावला. एक रिंग वाजल्यावर कापला. जेवत असेल.

२३ एप्रिल
नवी बॅच बनवतोय. ती जमली तर सांगायची गरजच उरणार नाही. साखर सोमवारपासून बंद.

६ मे
दादा सकाळी उठून एकेक डोळा झाकून समोरचं कॅलेंडर बघतो. आज डावा झाकला तर कॅलेंडर नव्हतं, भिंतही नव्हती. डॉक्टर म्हणाले, उजव्या डोळ्याची नस मेली, आता ऑपरेशन करूनही उपयोग नाही. लॅबच्या जिन्यात बसून रडलो. ऑपरेशन मी थांबवलं होतं. मी.

९ मे
सगळं सांगायचं ठरवून गेलो. मी बसायच्या आत दादाच म्हणाला, अजून डावा आहे, त्याला तरी तुझं औषध लागू पडेल ना? मी म्हटलं, पडेल.

वहिनी आतून बाहेर आल्या. "भाऊजी, डाव्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख घेतलीय मी. सोमवार. आता तुम्ही मध्ये काही बोलायचं नाही."

दादाने त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. मी त्याच्या उजवीकडे होतो, आवाज आला तिकडे त्याने मान वळवली.

"तू सांग. करू?"

"कर," म्हणालो.

तो हळूच म्हणाला, "म्हणजे औषध नव्हतंच."

नव्हतं, म्हणालो.