रहेलबाईच्या पापांची वही

८ फेब्रुवारी ७८, बुध.
उपासकाळ सुरू. पाळकसाहेबांनी मंडळीत सगळ्यांना शंभरपानी वह्या वाटल्या. ईस्टरपर्यंत रोज आपलं एक पाप लिहायचं. दुसऱ्याचं नाही, आपलं, असं दोनदा म्हणाले आणि दोन्ही वेळा माझ्याकडं बघून. मी मंडळीची चिटणीस, बावीस वर्षं मास्तरीण, एक रविवार चुकवलेला नाही. माझ्याकडं बघायचं कारण काय?
अर्धा तास पेन धरून बसले. माझं काही सापडेना. रहेलबाईचं लिहिते, तिचं भरपूर आहे.

१० फेब्रु., शुक्र.
र.बा.चं पहिलं आणि सगळ्यात मोठं. चार वर्षांमागं आमच्या सरोजची सोयरीक जालन्याला ठरत आलती. पोरीला लहानपणी फिट यायच्या. दहाव्या वर्षी बंद झाल्या, परत कधी नाहीत. इथं पूर्ण्यात ही गोष्ट घराबाहेर एकाच बाईला ठाऊक. पोर लहान होती तेव्हा र.बा.चं नि आमचं क्वार्टर भिंतीला भिंत लागून, फिट आली की तीच धावत यायची. जालन्याची माणसं बघून गेली आणि आठ दिवसांत निरोप, मुलीला मिरगी आहे, आमाला नको. कोणी सांगितलं मग, भिंतीनं?
सरोज आता सव्वीसची. नांदेडला दवाखान्यात नर्स आहे. लग्नाचं नाव काढलं की ताटावरून उठते.

१३ फेब्रु., सोम.
नळावर र.बा. भेटली. "बाई, बऱ्या हाव का?" म्हणे. तोंड बघा. मी घागर उचलून चालू लागले.
ह्यांना सांगितलं. हे लोको शेडातून आलेले, हात धुवायलेले. म्हणाले, "चार वर्षं झाली, सोड की." ह्यांना काय, पोरीचं लग्न मोडलं तरी ह्यांची भाकरी गोडच.

१६ फेब्रु., गुरु.
खबर पक्की. र.बा.च्या कुसुमला परभणीचं स्थळ आलंय. मुलगा मास्तर. त्याची आत्या पुढच्या गुरुवारी यायली, घरप्रार्थना त्या दिवशी र.बा.कडंच आहे म्हणून. देवाच्या घरी न्याय आहे.
दोन वर्षांमागं मी परभणीहून पॅसेंजरनं येत होते. पिंगळीला गाडी थांबली. ठेसनच्या बाकावर कुसुम, आणि शेजारी बाजारातल्या किराणावाल्याचा मुलगा, गळ्यात लिंग, लिंगायताचा. दोघांत एक पिशवी ठेवलेली. मी खिडकीतून बघितलं, कुणाला बोलले नाही. उगीच नाही जपून ठेवलं.

२३ फेब्रु., गुरु.
झालं.
घरप्रार्थनेत एक बरं असतं. डोळे मिटलेले, कुणी उलटून बोलू शकत नाही, ज्याला लागायचं त्याला लागतं आणि वर सगळे आमेन म्हणतात. पाळीपाळीनं प्रार्थना चाललेल्या. आत्याबाई माझ्या उजवीकडं. माझी पाळी आली. मी आवाज मऊ केला. "प्रभू, ह्या घरातलं एक कोवळं मेंढरू पिंगळीच्या ठेसनापर्यंत भटकलं होतं, परक्या कळपातल्याच्या संगतीनं. तू त्याला परत आणलंस. त्याचा डाग तू धुतलास म्हणून उपकार मानते." सगळे आमेन म्हणाले. र.बा. पण म्हणाली, सवयीनं. मग थांबली.
चहा आला तर आत्याबाईंनी कप उचलला नाही. मी दोन कप प्यायले.

२४ फेब्रु., शुक्र.
लय दिवसांनी पोटभर जेवले. हे म्हणाले, "ती प्रार्थना होती का?" मी म्हणलं, खोटा एक शब्द दाखवा. हे उठून गेले.

३ मार्च, शुक्र.
परभणीहून निरोप, विचार करून कळवतो. म्हणजे काय ते आमाला चांगलं माहीत आहे, नकाराचा निरोप आमी पण ऐकलाय. कुसुम नळावर येत नाही. र.बा.च येते, पदर कपाळापर्यंत. भोग म्हणावं. मी माझ्या पोरीला चार वर्षं बघायले.
पा.सा. विचारत होते, वही चाललीय का? म्हणलं, भरत आली.

१२ मार्च, रवि.
सरोज सकाळच्या गाडीनं आली. मी तिला सगळं सांगितलं. वाटलं, पोरीला गार वाटेल. तुझा हिशोब मी चुकता केला म्हणाले.
ती भाजी निवडत होती. देठ बाजूला ठेवत म्हणाली, "आई, रहेलमावशीनं न्हाई सांगितलं. तू सांगितलंस."
मी म्हणलं, काय बरळायलीस?
"जालन्याची माणसं जेवायला बसली. तू प्रार्थना धरलीस. लय लांबली. डाळ निवली. तू म्हणालीस, प्रभू, हे लेकरू जमिनीवर पडायचं, तोंडाला फेस यायचा, तो फेस तू पुसलास. मी ताट धरून उभी होते. त्या बाईनं डोळे उघडून माझ्याकडं बघितलं."
मला आठवेना. खरंच आठवेना. ह्यांच्याकडं बघितलं. हे खाली बघायलेले.
"तुमाला माहीत होतं?"
"होतं," म्हणाले.
चार वर्षं. दोघांना. एका ताटात जेवायलोत आणि मला एक शब्द नाही. का नाही सांगितलं, म्हणून मी ओरडले. सरोज म्हणाली, "तुला सांगितलं असतं तर तू मंडळीत उभी राहून सगळ्यांदेखत पश्चात्ताप केला असतास. पुन्हा माझा फेस निघाला असता."
चारच्या गाडीनं गेली. निवडलेली भाजी तशीच.

१४ मार्च, मंगळ.
ह्यांच्याशी बोलत नाही. र.बा.वरचा राग कुठं ठेवू समजेना. चार वर्षांचा आहे, एका दिवसात जात नाही. तिनं सांगितलं नसलं तरी सांगितलं असतंच, असं पण मनात येतं.

१६ मार्च, गुरु.
पा.सा.कडं गेले. सगळं सांगितलं. बरोबर वही नेली होती. त्यांनी चाळली. म्हणाले, "बाई, छत्तीस दिवसांत ह्यात तुमचं एक पाप नाही." मी म्हणलं, आता सांगितलं ना तुमाला. म्हणाले, "मला सांगून काय? ज्यांचं मोडलं त्यांच्याकडं जा." पाळक झाले म्हणून काय, माझ्या सरोजएवढे आहेत वयानं.

१९ मार्च, झावळ्यांचा रवि.
र.बा.च्या घरी जाण्यापरीस मंडळीत उभं राहावं म्हणलं, एकदाच होऊन जाईल. सरोजचं नाव घेतलं नाही. म्हणलं, प्रभू, माझ्याइतकी पापी ह्या पूर्ण्यात कोणी नाही, आणि तरी तू मला एवढं नम्र मन दिलंस. पुढं कसं लांबत गेलं कळलं नाही. बायका रडल्या. बाहेर दोघी-तिघींनी हात धरले. म्हणे, बाई, काय सुंदर पश्चात्ताप केलात.
मला बरं वाटलं. घरी येईपर्यंत बरंच वाटत होतं. ह्यांनी चप्पल काढत विचारलं, "कुसुमचं काय बोललीस?"
काहीच बोलले नव्हते.

२२ मार्च, बुध.
गेले र.बा.कडं. कुसुम आत पाठमोरी, उठली नाही. र.बा.नं सतरंजी टाकली. मी बसले नाही. सरळ म्हणलं, सरोजचं तुमी नाही सांगितलं, माझ्याच तोंडून गेलं, मी तुमच्यावर सूड घेतला, माफ करा. एवढं चारच शब्दांचं.
र.बा. म्हणाली, "माफी-बिफी ऱ्हाऊ द्या, बाई. सोमवारी आत्याबाई यायली. माझ्याकडं न्हाई, तुमच्याकडं. म्हणली, मास्तरीणबाई खोटं बोलत न्हाईत, त्या म्हणतील तसं करू. तवा सांगा तिला, पिंगळीचं काईच न्हवतं. रागापायी मी प्रार्थनेत खोटं बोलले, असं म्हणा."
"पण मी बघितलंय."
"काय बघितलं?"
"बाकावर बसले होते."
"आन्?"
"आन् काही नाही."
"तेवढंच सांगा मग. बघा कोण तेवढ्यावर थांबतंय. बाकाच्या पुढचं लोक आपल्या मनानं लावतेत. तुमीच लावलंत की." मग म्हणाली, "लय खरं बोलल्यात तुमी आजवर. माझ्या पोरीसाठी एक खोटं बोला."

२६ मार्च, ईस्टर.
मंडळीत प्रभुभोजन, भाकर नि द्राक्षरस, घेतलं नाही. ताट पुढं आलं, मी पुढं सरकवलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा. सगळी ओळ वळून बघायली. र.बा.नं घेतलं. एकदा पण माझ्याकडं बघितलं नाही.

२७ मार्च, सोम.
शाळेतून लवकर आले. सतरंजी झटकून टाकली.
र.बा. माझ्यापरीस पक्की निघाली. तिनं मला रडून माफी मागू दिली असती तर ती माफीही मंडळीतल्यासारखी सुंदर झाली असती. खरं बोलले तर माझा शब्द राहतो, पूर्ण्यात, परभणीत, सगळीकडं, आणि कुसुम जाते. खोटं बोलले तर उद्यापासून मी देवाच्या नावानं खोटं बोलणारी बाई. चिटणीसपण जाईल, वर्गातल्या पोरी तोंडावर हात धरून हसतील. सूड घ्यावा तर असा. आणि ह्याला पश्चात्ताप म्हणायचं का पाप, ते पा.सा.ला विचारायची हिंमत झाली नाही.
सरोजचं कार्ड आलंय. एकच ओळ. "आई, ह्यावेळी प्रार्थना लांबवू नको."
गाडीची शिट्टी झाली. ठेसनावरून इथं यायला दहा मिनिटं. हे म्हणाले, मी बाहेर जाऊ का? म्हणलं, नको, तुमी पण ऐका.
आत्याबाई आल्या. दारात चपला काढायल्यात. म्हणायल्यात, "बाई, एकच शब्द पायजे तुमचा."