अकोल्याचं पातळ

वाशीम,
दि. १७ फेब्रुवारी १९७४

प्रिय भागिरथा,
वच्छलाचा सप्रेम जयभीम.

आम्ही सगळे खुशाल आहोत. तुमची खुशाली तू कळवत नाहीस, शेलूबाजारहून येणाऱ्या जीपवाल्यांकडून कळते. गुडघा दुखतो म्हणे तुझा. माझी दोन कार्डं तुला पोचली असणारच. या वेळी मुद्दाम आंतरदेशीय पत्र लिहिते आहे, कारण कार्ड आधी पोस्टमन वाचतो, मग त्याची बायको, मग तू.

आधी दुकानाचं सांगते, तेवढंच मला धड सांगता येतं. डोक्याचा नुसता भुगा झालाय. विहारामागच्या खोलीत महिला मंडळाने जुन्या सामानाचं दुकान मांडलं, तेव्हा मला वाटलं होतं की लोक वापरता येईल असं काही देतील, आम्ही ते नीट करून स्वस्तात विकू आणि मुलींच्या वसतिगृहाला हातभार लावू. लोक काय देतात? एका पायाची चप्पल. बर्नर नसलेला स्टोव्ह. गेल्या आठवड्यात एका बंगल्यातून हातगाडी भरून सामान आलं, त्यातली अर्धी गाडी फुटक्या बरण्यांची. वर बाईसाहेबांचा निरोप की मंडळाच्या फळ्यावर आमचं नाव मोठ्या अक्षरात लिहा. दान करतात की घर झाडतात, तेच कळत नाही.

तरी आम्ही काही फेकत नाही. आमचे देवमन सुतार मोडक्या रेडिओच्या खोक्याचं कोंबड्यांचं खुराडं करतात. बेबीबाई शर्टाची विरलेली कॉलर उसवून उलटी लावते, की शर्ट आणखी दोन वर्षं चालला. फाटक्या लुगड्यांच्या वाकळा होतात. आणि डाग पडलेली पातळं मी रंगवते.

रंगवायचं कारण तुला ठाऊक आहे. वाशीम काही मोठं शहर नाही. बंगल्यातल्या बाईचं पातळ दुसऱ्या कुणी नेसलं की नळावर लगेच कुजबुज सुरू होते. म्हणून सगळं हंड्यात उकळायचं, रंग बदलून टाकायचा, आणि कोणी दिलं, कोणी नेलं, हे दुकानाबाहेर बोलायचं नाही. हा नियम मीच केला. मंडळाच्या बैठकीत टेबलावर हात आपटून केला.

पण बाजारात रंगाच्या पुड्या धड मिळत नाहीत. सहा महिने एकच जांभळा मिळाला. त्यामुळे अर्धं वाशीम जांभळं झालं, आणि लपवायला लावलेला रंगच ओळखू यायला लागला. तुझ्या पंचफुलाला बघायला आले तेव्हा ती आमच्याच दुकानातलं पातळ नेसली होती; तिचं जमत आलेलं लग्न या रंगानंच मोडलं, असं मी मंडळात सांगितलं. घरी यांनाही तेच सांगितलं. पहिल्या कार्डात तुलाही तेच लिहिलं, की मुलाच्या आईनं, गोमतीबाईंनी, रंग ओळखला असणार.

भागू, गोमतीबाईंनी काही ओळखलं नव्हतं. त्या अनसिंगच्या, आमच्या दुकानाची पायरीसुद्धा त्यांनी कधी पाहिली नव्हती. बघायच्या दिवशी तू आत चहा ओतत होतीस, म्हणून तुला अजून नीट माहीत नाही.

सांगते. पंचफुला पोहे ठेवून बसली. त्यांचा इंद्रभान खाली मान घालून बसला होता, पण दोनदा वर बघितलं त्यानं, मी पाहिलं. पोरगा नोकरीचा, सरळ, तुझ्या पोरीच्या जोगा. गोमतीबाईंनी पोरीचा पदर हातात घेतला आणि रंग लय सुंदर बसला म्हणाल्या. तुझ्याकडून त्यांना आधीच कळलं होतं, तेच त्या मला कौतुकाने सांगायला लागल्या, की पोरीच्या मामाने अकोल्याहून आणलंय, अकोल्याच्या दुकानांची गोष्टच वेगळी.

तीन दिवस माझे हात कोपरापर्यंत जांभळे होते. त्यावरचा हळदीचा डाग जाईना म्हणून मी ते पातळ दोनदा उकळलं होतं, काठाला रंग लागू नये म्हणून काठ बांधून ठेवला होता. दोन वर्षांत त्या दुकानातल्या कामाला कोणी चांगलं म्हटलं नव्हतं गं. आणि पहिल्यांदा कोणी म्हटलं, तर ते अकोल्याच्या कुठल्या तरी दुकानदाराला.

मी म्हणाले, "अकोल्याचं नाही बाई ते. माह्या हंड्यातलं हाये."

जीभ घसरली असं मी आजवर मनाला सांगत आले. घसरली नाही. मला सांगायचंच होतं. त्या क्षणी पंचफुला माझ्या डोक्यातच नव्हती.

गोमतीबाईंनी पदर सोडला. पुढचं तुला माहीत आहे. पंचफुलाने ते पातळ धुऊन, घडी घालून आमच्या देवमन सुतारांच्या हाती परत पाठवलं. चिठ्ठी नाही, काही नाही. ते मला विकवत नाही आणि कुणाला देववतही नाही.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. परवा मी अनसिंगला गेले होते. घरी सांगितलं, वसतिगृहाचं काम आहे. गोमतीबाईंना सगळं सांगितलं. हेही सांगितलं, की "कोणी विचारलं तर मामानं अकोल्याहून आणलं म्हण" हे वाक्य तुझं नव्हतंच. पातळ तुझ्या हातात देताना मीच ते तुला शिकवलं होतं. तुला नको होतं. खोटं कायले बोलू, असं तू म्हणाली होतीस. दुकानाचा नियम आहे म्हणून मी तुझ्याकडून वचन घेतलं. तू पाळलंस. मी मोडलं, आणि खोटी ठरलीस तू.

बाई म्हणाल्या, "मले पातळाचं काई नाही. मी बी मांगून आणलेल्या लुगड्यावरच नांदली. पण पोरीची माय तोंडावर खोटं बोलली, हे मी इथल्या साऱ्या विहारात सांगून बसली. आता तुमी बी तिथंच सांगा, समद्या बायांसमोर. मंग मी सोता पोरीले मांगाले येतो."

इंद्रभान दारातच उभा होता. त्याने मला बसथांब्यापर्यंत सोडलं. वाटेत एवढंच विचारलं, पंचफुलाचं दुसरीकडे ठरलं काय. मी नाही म्हणाले. खरं आहे ना?

अगं, मी तिथल्या तिथे विहारात जाऊन सांगितलं असतं. माझी अब्रू जायची ती जाऊ दे. पण ते सांगायचं म्हणजे ते पातळ कुठलं, हे पुन्हा सगळ्यांसमोर सांगणं आलं. तुझी पोर लोकांनी टाकलेलं नेसून बसली होती, हे या वेळी चार भिंतींत नाही, भरल्या विहारात. एकदा तुला न विचारता बोलले, त्याचं काय झालं ते आपण दोघी भोगतो आहोत. तुझ्यापेक्षा पंचफुला जास्त.

तेव्हा तिला विचार. तुझ्या मनाने ठरवू नकोस, तिलाच विचार. ती हो म्हणाली तर येत्या पौर्णिमेला अनसिंगच्या विहारात वंदना झाल्यावर मी उभी राहीन आणि सगळं सांगेन, शब्द न गाळता. ती नको म्हणाली तर गोमतीबाईंना तसा निरोप जाईल आणि हा विषय माझ्या तोंडून जन्मात निघणार नाही. माझ्यावरचा राग तुझ्याकडेच ठेव, तो मी मागत नाही. फक्त एका शब्दाचं उत्तर पाठव. कार्डावर पाठवलंस तरी चालेल, त्या एका शब्दातून पोस्टमनला काही कळायचं नाही.

तुझ्या पोरीच्या हो-नाहीपर्यंत तोंड मिटून बसलेली,
वच्छला